निशाणदाराची माफी

तिसऱ्या बैठकीत लेखिकेच्या लक्षात आलं, की टेबलाच्या टोकाशी बसलेल्या माणसाची ओळख कुणी करूनच दिलेली नाही.

सत्तरीच्या आसपासचा असेल. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पुढ्यात रेघांची जाड वही. पहिल्या बैठकीला तो होता, दुसऱ्यालाही होता, आणि आजही सगळ्यांच्या आधी येऊन त्याच खुर्चीत बसला होता. बोलत काहीच नव्हता. मधूनच वहीत काहीतरी लिहायचा, आणि लिहिताना डावा तळहात असा आडवा धरायचा, की शेजारच्याला अक्षर दिसू नये.

चर्चा चालली होती निशाणदाराची. पंचेचाळीस वर्षांपूर्वी दर आठवड्याला निघणाऱ्या चित्रकथांचा हा नायक. एरवी शाळेत कवायत शिकवणारा साधा शिक्षक, पण देशाचं निशाण हातात धरलं की अंगात वीस माणसांचं बळ. प्रत्येक अंकात तो नदीपलीकडच्या देशाचा एक हेर पकडायचा आणि शेवटच्या पानावर निशाण उंच धरून उभा राहायचा. लेखिकेच्या लहानपणी अंक बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या वडिलांनी सगळे जपून ठेवले होते आणि तिने ते पानं सुटेपर्यंत वाचले होते. आता निशाणदारावर मोठा सिनेमा निघणार होता. मूळ लेखक हयात नव्हते. त्यांच्या पत्नीकडून रीतसर हक्क घेतले होते, आणि पटकथा लेखिकेकडे आली होती.

"चौसष्ट अंक, चौसष्ट हेर," दिग्दर्शक म्हणाला. "पलीकडे लोकांना दुसरा काही कामधंदा आहे की नाही? आजची मुलं हे बघून हसतील रे बाबांनो."

सगळे हसले. टोकाचा माणूस हसला नाही. त्याने मान खाली घालून काहीतरी लिहिलं, आणि खोलीतलं हसू आपोआप विरलं.

दिग्दर्शकाला सगळे दाढी म्हणायचे. कॉलेजात असताना तो दाढी ठेवायचा. दाढी केव्हाच गेली होती, नाव तेवढं राहिलं होतं. लेखिका त्याच्याच वर्गातली. वीस वर्षांची मैत्री, त्यामुळे बैठक संपल्यावर जिन्यातच तिने त्याला गाठलं.

"तो वहीवाला माणूस कोण आहे?"

"मॅडमनी आणलाय ना," दाढी म्हणाला. मॅडम म्हणजे निर्मात्या. ऑफिस त्यांचं, सिनेमा त्यांचा, शेवटचा शब्दही त्यांचाच.

"त्या मला विचारत होत्या, की दाढीने कुणाला आणून बसवलंय."

दाढी एक पायरी उतरला होता, तो थांबला. दोघं तसेच वर गेले. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. लेखिकेचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग जाऊन दार लावलं. हे ऑफिस पूर्वी फर्निचरचं गोदाम होतं. दार जुनं, जाड होतं, आणि लावलं की खोलीत एकदम कानात दडे बसल्यासारखं व्हायचं.

"तुमचा नाही, माझा नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मग वरून आला असेल."

"वरून म्हणजे?"

"वरून म्हणजे वरून. देशाच्या निशाणाचा सिनेमा आहे. त्यांचं लक्ष नसेल असं वाटतं तुम्हाला?"

"त्यांनाच विचारू या की," लेखिका म्हणाली.

"काय विचारणार? तुम्ही आमच्यावर नजर ठेवायला आलात का, असं? विचारलं की आपल्याला लपवण्यासारखं काही आहे हे कबूल केल्यासारखं होतं. येऊ द्या. कॉफी द्या. आणि जपून बोला."

त्या दिवसापासून त्या माणसाचं नाव वहीवाले पडलं. कॉफीचा पहिला कप त्यांच्यापुढे जाऊ लागला. ते दर वेळी अर्धवट उठून हात जोडायचे, आणि त्या नम्रतेचीच सगळ्यांना जास्त भीती वाटायची.

पाचव्या बैठकीला लेखिकेने एकसष्टाव्या अंकावरून लिहिलेला प्रसंग वाचून दाखवला. सगळ्या अंकांमधला तोच एक अंक तिच्या डोक्यात लहानपणापासून रुतून बसला होता. त्यात निशाणदार नदीपलीकडून येऊन राहिलेल्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला हेर समजतो. दुकान फोडतो, त्याला भर बाजारातून फरफटत नेतो. मग कळतं, की त्याच्याकडे सापडलेला नकाशा हा नकाशा नव्हताच. चौकातल्या मोठ्या घड्याळाच्या चाकांचं ते रेखाटन होतं. शेवटच्या चित्रात निशाणदार फुटलेल्या दुकानासमोर एक गुडघा टेकून बसला आहे, मान खाली, निशाण बाजूला ठेवलेलं. आणि त्याच्या तोंडून निघालेल्या फुग्यात शब्द आहेत, "तुझं चुकलं."

लहानपणी तिने वडिलांना विचारलं होतं, चुकलं निशाणदाराचं, मग तो गुडघे टेकून दुसऱ्यालाच का बोलतो? वडील म्हणाले होते, छापताना काही गडबड झाली असेल.

आपल्या पटकथेत तिने तो प्रसंग तसाच घेतला होता, फक्त एक शब्द फिरवला होता. "निशाणदार निशाण खाली ठेवतो," तिने वाचलं. "गुडघा टेकतो. घड्याळजी त्याच्याकडे बघत नाही, जमिनीवरची चाकं गोळा करत राहतो. निशाणदार म्हणतो, माझं चुकलं."

दाढीचा चेहरा उजळला. "हेच. हेच पाहिजे. सगळा सिनेमा इथे उभा राहतो."

तेवढ्यात टोकाची खुर्ची सरकली. वहीवाल्यांचं पेन मध्येच थांबलं होतं. त्यांनी वही मिटली, कुणाकडेही न बघता उठले आणि दार उघडून निघून गेले. कॉफी तशीच राहिली.

"काढा तो प्रसंग," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पण..."

"तुम्ही बघितलंत ना? काढा."

लेखिकेने दाढीकडे पाहिलं. दाढी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होता. ते आधीच घट्ट बसलेलं होतं.

पुढच्या तीन आठवड्यांत पटकथा कुणी न सांगताच बदलत गेली. खलनायक आधी एक भ्रष्ट मंत्री होता, त्याचा ठेकेदार झाला. मग ठेकेदार नदीपलीकडून आलेला निघाला. हेरांची चेष्टा करणारा संवाद दाढीने स्वतःच्या हाताने खोडला. लेखिकेला नवल याचं वाटायचं, की वहीवाले परत यायला लागले होते, पूर्वीसारखेच बसत होते, आणि एक अक्षरही बोलले नव्हते. ते नुसते खोकले तरी एखादं पान जायचं.

तिने वडिलांना सगळं सांगितलं. वडील टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिल्यावर त्यांना एक सवय लागली होती. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी स्वयंपाकघरातला नळ सोडायचे. तसा त्यांनी तो सोडला.

"वही उघडी ठेवून समोर बसतो म्हणतेस?"

"हो."

"मग तो ऐकणारा नाही. ऐकणारी माणसं मी पाहिलीत. ती लाइनवर असली तरी तुला श्वास ऐकू येत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पण माझं ऐकून काही करू नकोस. माझा अंदाज चुकला तर नोकरी तुझी जायची."

तिने नेमकं त्यांचं ऐकून केलं. पुढच्या बैठकीनंतर ती वहीवाल्यांच्या मागे निघाली. ते बसच्या पुढच्या दाराने चढले, ती मागच्या. सहा थांब्यांनंतर ते उतरले, एक दवाखाना ओलांडून अरुंद गल्लीत शिरले, आणि शिवणयंत्र दुरुस्तीच्या दुकानाला लागून असलेल्या एका गाळ्याचं कुलूप उघडलं. वर पाटी होती, रबरी शिक्के आणि नावाच्या पाट्या करून मिळतील. अक्षरं इतकी देखणी होती, की ती जरा वेळ पाटीच बघत राहिली.

आत जाऊन तिने शिक्का करायचा आहे म्हणून सांगितलं.

वहीवाल्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही मागच्या दाराने चढलात तेव्हाच पाहिलं मी ताई," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच ऐकत होती ती. जरासा घोगरा, घाबरलेला. "मला काढून टाकायला पाठवलंय का तुम्हाला?"

"तुम्हाला कोण काढणार? तुम्ही आहात कोण काका?"

त्यांना ते विचित्र वाटलं असावं. "माहीत नाही तुम्हाला? मी निशाणदाराची अक्षरं काढायचो."

मग त्यांनी सांगितलं ते असं. कथा मूळ लेखक लिहायचे, त्यांना हे भाऊ म्हणायचे. चित्रं एकजण काढायचा, तोही आता नाही. फुग्यांमधले शब्द चित्रात हाताने लिहायचं काम यांचं. सिनेमाचं ठरल्यावर कंपनीच्या प्रसिद्धीवाल्यांनी जुन्या मंडळींचा छोटा सत्कार ठेवला होता. जुन्यांपैकी उरले होते हे एकटेच. ते आले त्या दिवशी सत्कार रद्द झाला होता, पण खाली स्वागतकक्षातल्या मुलीने त्यांना पास दिला आणि तिसऱ्या मजल्यावर जा म्हणाली. वर एक खुर्ची रिकामी होती. ते बसले. तिने त्यांचा फोन नंबर यादीत घातला असावा, कारण पुढच्या बैठकीचा निरोप त्यांनाही आला. म्हणून ते परत गेले.

"आणि लिहिता काय?"

त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. पानापानांवर फुगे काढलेले होते आणि फुग्यांत बैठकीतले संवाद, तिने लिहिलेले, त्या पाटीसारख्या देखण्या अक्षरांत. "सवय," ते म्हणाले. "कानावर पडलं की हात आपोआप काढतो. तुम्हाला चालेल की नाही कळेना, म्हणून झाकायचो."

शेवटच्या पानांवर मात्र एकच फुगा होता, पुन्हा पुन्हा काढलेला. माझं चुकलं. माझं चुकलं. माझं चुकलं.

"त्या दिवशी तुम्ही उठून का गेलात?"

शेजारच्या दुकानात यंत्र सुरू झालं. ते थांबेपर्यंत वहीवाले बोलले नाहीत.

"भाऊंनी हेच लिहिलं होतं," ते म्हणाले. "एकसष्टाव्या अंकात. कागदावर स्पष्ट होतं, माझं चुकलं. मी तुझं केलं. एवढं एकच अक्षर बदललं."

"तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कुणी नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या छापखान्यात दोन माणसं येऊन गेली होती. कोण होती, कशाला आली, माहीत नाही. छापखाना दुसऱ्या दिवशी उघडला नाही, एवढं खरं. मी पानं घेऊन बसलो आणि मनात आलं, देशाचं निशाण घेतलेला माणूस माफी मागतोय, तेही पलीकडच्या माणसाची. हे अक्षर माझ्या हातचं आहे. उद्या कुणी आलं तर अक्षर ओळखून माझ्याकडे येईल. घरी बायको होती, लहान मुलगी होती. केलं."

"आणि भाऊ?"

"भाऊंना वाटलं, अंक काढणाऱ्या मालकाने बदलायला लावलं. मालकाला वाटलं, भाऊ वेडा झाला, स्वतःच लिहून भांडतोय. दोघांचं बिनसलं ते कायमचं. तीन अंकांनी निशाणदार बंद पडला. भाऊंनी पुन्हा काही लिहिलं नाही. अकरा वर्षांपूर्वी गेले. मी त्यांना कधी सांगितलं नाही." त्यांनी वही मिटली. "म्हणून येऊन बसतो. वाटलं होतं एखाद दिवशी बोलेन, की एवढं एक अक्षर तरी सुधारा. तर तुम्ही आपल्या आपणच बरोबर लिहिलंत. मला तिथे बसवेना."

लेखिका घरी आली ती हे सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं, आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"मी त्यांच्याशी बोलले. वहीवाल्यांशी."

मॅडम ताठ बसल्या. "काय म्हणाले?"

"माफीचा प्रसंग त्यांना हवा आहे. काढलेला आवडला नाही त्यांना."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

"कोण आहेत ते? कुठल्या खात्याचे?"

"ते मला सांगता येत नाही."

हे खोटं होतं. मॅडमनी लगेच फोन उचलला आणि दाढीला सांगितलं, प्रसंग परत घाला. वीस दिवस जे झालं नव्हतं ते एका मिनिटात झालं. लेखिकेला स्वतःचीच जरा भीती वाटली. पण त्या संध्याकाळी तिने ठेकेदाराला पुन्हा नदीच्या अलीकडे आणलं, हेरांची चेष्टा परत घातली, आणि प्रत्येक वेळी फक्त एवढंच म्हणाली, की त्यांचं असं मत आहे.

बदल मान्य होत गेले. पण ती खोलीत आली की बोलणी थांबायला लागली. दाढीने तिला जेवायला हाक मारणं सोडलं. चित्रीकरणाच्या जागा ठरवायला सगळे गेले तेव्हा तिला निरोपच नव्हता. शेवटी एकदा पार्किंगमध्ये दाढी तिच्या स्कूटरजवळ येऊन उभा राहिला.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तू त्यांच्यासाठी कधीपासून काम करतेस?"

तिला हसू आलं, पण त्याच्या तोंडाकडे बघून ते गिळावं लागलं. "दाढ्या, वीस वर्षं ओळखतोस मला."

"तेच म्हणतोय. वीस वर्षांत मी तुझ्यासमोर काय काय बोललोय ते आठवत बसलो होतो काल."

खरं सांगितलं तर प्रसंग जाईल. नाही सांगितलं तर हा जाईल. तिने हेल्मेट घातलं, आणि तो वाट बघतोय हे दिसत असूनही स्कूटर चालू केली. घरी जाईपर्यंत तिला आपली लाज वाटत राहिली, आणि त्यापेक्षा जास्त दाढीचा राग आला.

बाकी सगळ्यांना फसवता आलं, वहीवाल्यांना आलं नाही. दोन बैठकांनंतर ते तिला कॉफीच्या यंत्रापाशी म्हणाले, "ताई, मॅडमनी काल माझ्यासाठी गाडी पाठवली होती. का?"

तिने सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघणं तिला जमलं नाही.

वहीवाल्यांनी कप ओठांपाशी नेला आणि थांबले. "म्हणजे हे सगळे मला घाबरतात?" ते म्हणाले. "मला?" मग कप न पिता ठेवून दिला. "मला तसला माणूस करून ठेवलात तुम्ही."

ते सरळ बैठकीच्या खोलीत गेले. सगळे बसले होते. ते आपल्या खुर्चीत बसले नाहीत, तिच्या पाठीला धरून उभे राहिले, आणि ते कोण, कसे आले, एकसष्टाव्या अंकात काय केलं, सगळं सांगितलं. मग वही टेबलाच्या मध्यभागी उघडून ठेवली.

आधी मॅडम हसल्या. सुटका झाल्यासारखं, मोठ्याने. मग त्यांचं हसू थांबलं आणि त्यांनी लेखिकेकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

दाढी वही चाळत होता. एका पानावर थांबला. हेरांच्या चेष्टेचा संवाद तिथे फुग्यात होता, त्याने स्वतः खोडलेला. "मी अकरा पानं काढली," तो म्हणाला. कुणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही. "शिक्के करणाऱ्या माणसाला घाबरून."

"ते जाऊ दे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे माफीचा प्रसंग वरून कुणालाच नको आहे, आणि हवाही नाही."

"मला हवाय," दाढी म्हणाला.

"मलाही," वहीवाले म्हणाले.

मॅडमनी जरा विचार केला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी प्रसंग ठेवला. वहीवाल्यांची गाडी तेवढी बंद केली. लेखिकेशी त्या पुढे कामापुरतं बोलल्या, आणि दाढीने तिला पुन्हा जेवायला हाक मारायला दोन महिने घेतले. मारली तेव्हाही तो जपून बोलत होता.

प्रसंग चित्रित झाला. निशाणदार झालेल्या नटाने गुडघा टेकला, ओठ हलवले, घड्याळजीचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाने वर बघितलंच नाही. चित्रीकरणाला वहीवाले आले होते. ते एका पेटाऱ्यावर बसून राहिले आणि काही लिहिलं नाही.

सिनेमा लागायला नऊ दिवस असताना मॅडमनी दोघांना बोलावलं.

"फोन आला होता," त्या म्हणाल्या. "ते वाक्य नको म्हणतायत. प्रसंग राहू दे, वाक्य काढा. वर संगीत घाला."

"कुणाचा फोन?" दाढीने विचारलं.

मॅडम दाढीकडे नाही, लेखिकेकडे बघून बोलल्या. "ते मला सांगता येत नाही."

फोन खरंच आला होता की नाही, हे लेखिकेला कधीच कळलं नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. बाहेर आल्यावर दाढी म्हणाला, "खोटं बोलतायत," आणि दहा पावलं गेल्यावर म्हणाला, "आणि खरं असलं तर?" तिला त्यात बोलायला तोंड नव्हतं.

सिनेमा चालला. निशाणदार गुडघा टेकतो, ओठ हलतात, आणि नेमकं तेव्हाच तंतुवाद्यं इतकी उसळतात की काही ऐकू येत नाही. तो काय म्हणाला यावर लोक वाद घालायचे. कुणी म्हणे शपथ घेतो, कुणी म्हणे देशाचं नाव घेतो. वहीवाले बघायला आले होते, लेखिकेच्या वडिलांच्या शेजारी बसले होते. बाहेर पडताना म्हणाले, "ओठ बरोबर हलले. ज्याला वाचता येतं त्याला आलं." मग दोन जिने उतरून झाल्यावर म्हणाले, "ताई, माझ्याबरोबर एका ठिकाणी याल? एकट्याने जाववत नाही."

भाऊंची पत्नी मुलाकडे राहायची, चौथ्या मजल्यावर. ऐंशी उलटलेली, पण दार तिनेच उघडलं. वहीवाल्यांना ओळखलं, आत घेतलं, लेखिकेला बसायला खुर्ची दाखवली. वहीवाले बसलेच नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "एकसष्टाव्या अंकातलं ते अक्षर मालकाने नव्हतं बदललं. मी बदललं होतं."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली.

वहीवाले तिच्याकडे बघत राहिले.

"अहो, अक्षर तुमचं. दुसरं कोण बदलणार? त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मालकाशी भांडले ते वेगळं, तुमच्यावर त्यांचा राग नव्हता. म्हणायचे, त्याला कुणीतरी दम दिलाय. बिचारा लेकुरवाळा माणूस, सांगत नाही. कधीतरी येईल आणि नाव सांगेल." तिने पदराने चष्म्याची काच पुसली. "सात वर्षं दारावर कुणी आलं की तुम्हीच आलात असं वाटायचं त्यांना. मग सोडून दिलं. तर सांगा आता. कोण होतं ते?"

"कुणी नव्हतं," वहीवाले म्हणाले.

"आता कशाला घाबरता? ते असतील तरी म्हातारे झाले असतील, नाहीतर गेले असतील."

"खरंच कुणी नव्हतं वहिनी. कुणी आलं नाही, कुणी काही बोललं नाही. मीच घाबरलो."

वहिनीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं, मग लेखिकेकडे पाहिलं, जणू ही बाई समोर आहे म्हणून ते बोलत नाहीत. ती उठली, जाऊन बाहेरचं दार नीट लागलंय ना ते बघून आली, आणि वहीवाल्यांच्या अगदी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली,

"बरं. माझ्या कानात सांगा."